रेलाच्या आवाजासाठी माइक

शहाद्यात मला तोंडावरून ओळखणारे थोडे आणि आवाजावरून ओळखणारे बरेच. मागे एकदा दवाखान्यात केसपेपर काढायला गेलो. नाव सांगितलं, वय सांगितलं, तर खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "साडी सेलवाले काका का तुम्ही?" मी हो म्हटलं. मग तिनं वर पाहिलं आणि जरा निराश झाली. आवाज ऐकून लोक मला उंच समजतात.

माझं नाव रशीद. गावात रिक्षा फिरते, तिच्यावर भोंगा असतो आणि त्यातून कोणीतरी बोलत असतं. कापड दुकानाचा सेल, डोळे तपासणी शिबिर, हरवलेली म्हैस, पाणी दोन दिवस येणार नाही, अमुक यांचे दुःखद निधन झाले. तो बोलणारा मी. वडील लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. मी त्यांच्या हाताखाली तारा जोडता जोडता एक दिवस माइक तपासायला म्हणून बोललो आणि समोरच्या किराणावाल्यानं तिथेच पहिली जाहिरात दिली. तेव्हा रिक्षात बसून दिवसभर तोंडानं बोलावं लागे. मग कॅसेट आली, मग पेनड्राइव्ह. आता घराच्या मागच्या खोलीत एकदा रेकॉर्ड करतो आणि रिक्षा महिनाभर तेच ऐकवत फिरते. लोकांना वाटतं मी रोज फिरतो. मी घरी चहा पीत असतो.

या धंद्यात गिऱ्हाइकं फार तऱ्हेची भेटतात. नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्यानं अंड्यांची जाहिरात दिली आणि अट घातली, "भाई, मागे कोंबडीचा आवाज ओरिजिनल पाहिजे, माझ्याच शेडचा." गेलो माइक घेऊन. हजारो पक्षी एकत्र बोलत होते. घरी येऊन ऐकलं तर पत्र्यावर कोणीतरी तांदूळ ओततंय असं वाटत होतं. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका कोंबड्याचा आवाज घेतला. पोल्ट्रीवाला खूश. "पाहा, ओरिजिनल ते ओरिजिनल," म्हणाला. मी पैसे मोजून घेतले.

पण एक जाहिरात अशी आहे की तिची आठवण झाली की अजून मान खाली जाते. डोंगराच्या पायथ्याला रक्त तपासणीचं शिबिर होतं. मला कागद मिळाला, मी तो माझ्या खास खणखणीत आवाजात वाचला आणि जीप चार दिवस पाड्यापाड्यावर फिरली. मजकूर शुद्ध मराठीत. त्यात एक ओळ होती, 'उपाशीपोटी यावे.' डोंगरातल्या घरांमध्ये पावरी बोलतात, भिली बोलतात. मराठी ही तिथे शाळेची आणि कचेरीची भाषा. एका म्हाताऱ्या बाबांना त्यातून एवढंच कळलं की उपाशी राहायचं आहे. जीप आल्याच्या दिवसापासून ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चालत खाली आले आणि शिबिराच्या दारात कोसळले. मी तिथे भोंगे सोडवायला गेलो होतो, म्हणून पाहिलं. सलाइन लावल्यावर ते शुद्धीवर आले, वाचले. पण खाटेजवळ उभा असताना माझाच आवाज बाहेरच्या जीपमधून येत होता, 'उपाशीपोटी यावे, उपाशीपोटी यावे.' मी जाऊन मशीन बंद केलं.

त्यानंतर डोंगरासाठीचं काम मी घेत नव्हतो. गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेतून फोन आला, तेव्हाही आधी नाहीच म्हटलं. बोलणाऱ्या मॅडम समजूतदार होत्या. त्यांना फोनवरून ऐकवायचा एक संदेश हवा होता, तोही पावरीत. दिवाळी झाली की डोंगरातली अर्धी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यात गरोदर बायका असतात. त्यांनी निघताना आपलं तपासणीचं कार्ड सोबत घ्यावं, सातवा महिना लागला की जिथे असतील तिथल्या दवाखान्यात नाव लावावं, पोटात दुखलं किंवा अंगावरून पाणी गेलं तर कोणाला फोन करावा, असं दीड मिनिटाचं बोलणं. टोळ्या निघायच्या आधी ते फोनवर जायला हवं होतं.

"मला पावरी येत नाही," मी म्हटलं. "बाजारात भाव करण्यापुरती येते."

"मग बोलणारं माणूस शोधून द्या. रेकॉर्डिंग तुम्ही करा," मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं तर इथल्या कलाकाराकडून मराठीत करून घ्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

मराठीत म्हटल्यावर मला ते म्हातारे बाबा दिसले. मी काम घेतलं.

माझी मुलगी शबाना लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवते. तिची एक जुनी विद्यार्थिनी तोरणमाळच्या घाटातल्या एका पाड्यात राहायची आणि आरोग्याचं काम करायची. नाव रेला. वय असेल अठ्ठावीस. ती एसटीनं आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्या खोलीत अंग चोरून बसली. मी तिच्यासमोर माझा जुना माइक ठेवला. गोल जाळीचा, हातात धरायचा, स्टेजवर असतो तसा. तिनं पावरीत लिहून आणलेला कागद धरला आणि वाचायला लागली. शाळेत गुरुजींनी उभं करून वाचायला लावावं तसा आवाज.

मी मशीन थांबवलं, चहा मागवला. चहा पिताना तिला बहिणीचा फोन आला. ती भिंतीकडे वळून पावरीत बोलायला लागली. हलका, खालच्या पट्टीतला आवाज, मध्येच थोडं हसणं, मध्येच दम देणं. चुलीपाशी बसून कोणी समोरच्याला सांगावं तसं. शब्द मला कळत नव्हते, पण मी कप खाली ठेवून ऐकत राहिलो. अडतीस वर्षं मी ओरडून पोट भरलं. हे मला कधी जमलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "बेटा, कोणाशी बोलत होतीस?"

"मोठ्या बहिणीशी, चाचा. भुरीशी." ती म्हणाली. "ती पण जाणार आहे तोडीला. तिला पाचवा महिना आहे. मागच्या खेपेला तिथंच दिवस भरले तिचे. कुठं जायचं, कोणाला विचारायचं, काही माहीत नव्हतं. उसाच्या फडातच झालं. बाळ नाही राहिलं." मग कपाकडे बघत म्हणाली, "मी तिला समोर बसून सांगितलं आहे सगळं. पण ती म्हणते, तू इथं सांगतेस, तिथं मला आठवत नाही. फोन आला तर आठवेल."

तेव्हा मला कळलं की ही बाई एसटीचं भाडं खर्चून माझ्याकडे का आली आहे.

आता माइकचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे सुरू झाली. लोक मला विचारतात, घरी आवाजाचं काम करायचं आहे, कोणता माइक घेऊ? जणू माइकच बोलणार आहे. माझा जुना माइक स्टेजसाठी बनलेला. तोंडाला लावून जोरात बोला, तो खूश. रेलाचा खरा आवाज त्याच्यासमोर एवढा बारीक येई की मशीनवर तो वाढवावा लागे. आवाज वाढवला की सोबत मशीनची सूं सूं वाढे. तिला जोरात बोलायला सांगितलं की पुन्हा ती शाळेत जाई. पहिला नमुना पाठवला आणि परत आला. मॅडम म्हणाल्या, "बाई रागावल्यासारखी वाटते. आणि मागे काहीतरी शिजतंय."

शबानानं चार व्हिडिओ पाहिले आणि सांगितलं, "अब्बा, कंडेन्सर माइक घ्या. स्टुडिओत तोच असतो." आम्ही मागवला. सुंदर वस्तू. रेलाचा हलका आवाज त्यानं असा टिपला की मी हेडफोन लावून तो पुन्हा पुन्हा ऐकला. मग हळूहळू बाकीचंही ऐकू यायला लागलं. हा माइक फार कान देऊन ऐकणारा. त्याला बोलणारा कोण आणि शेजारी कोण हा भेद नाही. त्यानं तिच्या बांगड्या ऐकल्या, कागद ऐकला, पुढच्या गल्लीतली पाण्याची मोटर ऐकली, भाजीवाली ऐकली. आणि सगळ्यात जास्त ऐकला आमचा शेजारी हमीद.

हमीद पिंजारी आहे. भिंतीला लागून त्याचं कापूस पिंजायचं मशीन. दिवाळीच्या तोंडावर गाद्या-गोधड्यांचा हंगाम. मी त्याला विनंती करायला गेलो. तो कापसानं पांढरा झालेला, दाढीतसुद्धा कापूस.

"रशीदभाई, मशीन बंद ठेवू का दिनभर?" तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "दिवाळी उनी. गाद्यास्ना टाइम शे. तुन्हं काम दीड मिनिटनं शे ना?"

दीड मिनिटाचंच होतं, खरं आहे. पण दीड मिनिट नीट यायला अर्धा दिवस जातो, हे बाहेरच्याला कसं समजावणार? त्यानं दुपारी जेवणाचा एक तास मशीन बंद ठेवायचं कबूल केलं. त्या तासात दुसरा नमुना केला. हमीद नव्हता, पण खोली होती. माझी खोली विटांची, वर पत्रा, भिंती कोऱ्या. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि माइक तोही ऐकतो. विहिरीत बोलल्यासारखं झालं. तेही परत आलं. मॅडमनी या वेळी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदाच, आठवड्याच्या आत.

त्या दिवशी रेलाला एसटी स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, "चाचा, माझाच आवाज बरोबर नसेल."

"तुझा आवाज बरोबर आहे," मी म्हटलं. "मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली."

रात्रभर विचार केला असं लिहायला छान वाटतं, पण मी झोपलो. सकाळी उठून पहिल्यांदा खोलीत खुर्ची टाकली, पंखा बंद केला, कानाला हेडफोन लावले आणि पाव तास नुसती खोली ऐकली. वडील लाउडस्पीकर बांधायच्या आधी मैदानात असेच उभे राहायचे. मी ते विसरलो होतो. मग तो कंडेन्सर परत पाठवून दिला आणि धुळ्याच्या एका साउंडवाल्या दोस्ताकडून त्याचा जाडा माइक मागून आणला. रेडिओवर बोलणारे वापरतात तसला. जुन्या माइकचाच मोठा भाऊ, पण स्वभावानं शांत. तो फक्त समोरचं ऐकतो, तेही चार बोटांवरचं. बाजूचं, मागचं त्याच्या कानावर फारसं येत नाही. एकच खोड, आवाज आत कमी घेतो. म्हणून तारेत मध्ये एक बोटाएवढी डबी लावावी लागते, ती आवाजाला स्वच्छ उचलून देते. आणि 'प', 'फ' म्हटल्यावर तोंडाची हवा थेट आपटू नये म्हणून माइक जरा तिरका, ओठांच्या कडेला ठेवायचा.

राहिली खोली. मी पुन्हा हमीदकडे गेलो आणि जाडातल्या जाड गोधड्या मागितल्या. त्यानं ऑक्टोबरच्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थंडी वाजी ऱ्हायनी का तुले?"

मी सगळं सांगितलं. रेलाचं, भुरीचं, फडातल्या बाळाचंही. तो ऐकत उभा राहिला. मग आत गेला आणि चार गोधड्या खांद्यावर टाकून स्वतःच घेऊन आला. दोन बोलणाऱ्याच्या मागे टांगल्या, एक समोर, एक दारावर. ठोकाठोकी त्यानंच केली. त्या दिवशी त्यानं दुपारचा तास कधी संपला ते पाहिलंच नाही. मशीन संध्याकाळी सुरू झालं.

आत बसल्यावर रेलाला घाम फुटला. पंखा बंद, चारी बाजूंनी कापूस. मी तिचा कागद काढून घेतला.

"भुरीला सांग," मी म्हटलं.

"ती कुठं आहे इथं?"

"तिथं आहे." मी माइककडे बोट दाखवलं. "चार बोटांवर. हळू सांग, जवळ बसली आहे."

ती माइककडे पाहत राहिली. मग बोलली. एका दमात, कागदाशिवाय. दीड मिनिटाच्या जागी दोन मिनिटं झाली. शेवटच्या वाक्याला आवाज थोडा जड झाला, तो मी तसाच ठेवला.

मला ते चांगलं वाटलं. पण मला तर दोनदा आधीही चांगलं वाटलं होतं. पाठवायच्या आधी मी रेलाला म्हटलं, पुण्याच्या मॅडमना पावरी येत नाही, मला येत नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांना ऐकवू. आणि माझ्या महागड्या हेडफोनवर नाही, तुझ्या साध्या फोनवर. तिच्या पाड्यात एका मोठ्या दगडावर चढलं की रेंज येते. तिथे उभं राहून वाऱ्यात ऐकणार ते लोक.

पायथ्याच्या आठवडे बाजारात गेलो. तोरणमाळकडच्या बायका सीताफळाच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. रेलानं तिन्ही नमुने फोनमध्ये घेतले होते. मी जरा लांब, रसवंतीच्या बाकावर बसलो. पहिला, जुन्या माइकचा, ऐकून एका बाईनं फोन कानापासून दूर धरला. ही कोणावर चिडली आहे, असं तिनं विचारलं म्हणे. दुसरा ऐकून दोघीतिघींनी सांगितलं, ही बाई रिकाम्या गोदामात बसली आहे. मग तिसरा लावला. एक म्हातारी होती, सगळ्यात टोकाला. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि शेवटपर्यंत ऐकला. मग रेलाशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मला राहवलं नाही, उठून गेलो.

"काय म्हणते? आवाज कसा आहे म्हणते?"

"आवाजाचं काही नाही म्हणाली, चाचा," रेला म्हणाली. "तिची सून जाणार आहे तोडीला. कार्ड उंदरानं कुरतडलं आहे, तर नवीन मिळेल का विचारते."

मी तिथे सीताफळांमध्ये उभा राहिलो आणि मला फार बरं वाटलं. आयुष्यभर लोकांनी माझ्या आवाजाची तारीफ केली. सेलमध्ये काय आहे हे मात्र पुन्हा दुकानात जाऊन विचारलं.

संस्थेनं तो नमुना त्याच दिवशी घेतला. म्हातारीच्या सुनेचं कार्ड रेलानं दुसऱ्या आठवड्यात करून दिलं. टोळ्या ट्रकमध्ये बसून गेल्या, भुरीसुद्धा गेली. रेलानं तिला थांबवायचा खूप प्रयत्न केला होता, पण टोळीत जोडीनं जावं लागतं, एकटा नवरा कोणी घेत नाही. संस्थेनं दर पंधरा दिवसांनी तो फोन जाईल अशी व्यवस्था केली. मी माझ्या सेलकडे आणि दुःखद निधनाकडे वळलो. खरं सांगायचं तर रोज फोनकडे लक्ष असायचं.

थंडी सरत आली होती तेव्हा रेलाचा फोन आला. भुरीला कळा लवकर सुरू झाल्या होत्या. नवरा फडात, मुकादम गावात. पाचटाच्या खोपीत बायका जमल्या, कोणी म्हणालं संध्याकाळपर्यंत थांबू. भुरीनं ऐकलं नाही. तिनं पिशवीतून कार्ड काढलं आणि संदेशात सांगितलेला नंबर फिरवला. गाडी आली. तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, वजनानं जरा कमी, म्हणून आठ दिवस तिथेच ठेवून घेतली. मग दोघी सुखरूप बाहेर आल्या.

"भुरी म्हणाली, तू सारखी कानात बोलत होतीस," रेलानं सांगितलं. आणि मग ती रडली. मी फोन धरून बसलो. हमीद दारात उभा होता, त्याला खुणेनंच सांगितलं. तो आपल्या मशीनकडे गेला आणि बंद करून आला, उगाचच.

होळीनंतर संस्थेनं रेलाला आणखी संदेशांचं काम द्यायचं ठरवलं. ताप, जुलाब, लहान बाळाचं खाणं, बाळंतपणाच्या आधीची तयारी. दर वेळी एसटीनं शहाद्याला येणं तिला परवडणारं नव्हतं, म्हणून तिनं घरीच सोय करायचं ठरवलं. माइक कोणता घ्यायचा हे ठरवायला मला बोलावलं. मी घाट चढून गेलो. कुडाच्या भिंती शेणामातीनं लिंपलेल्या, एका बाजूला धान्याच्या कणग्या, वर कौलं. खाली बसून पाव तास घर ऐकलं. आवाज कुठेच आपटत नव्हता. माझ्या विटांच्या खोलीला चार गोधड्या लागल्या, हिच्या घराला एकही नको. मी तिला दोन-तीन माइक सांगितले. तिनं सगळ्यांत साधा निवडला, थेट फोनला जोडता येणारा, कारण तिच्या पाड्यात वीज कधी असते कधी नसते. माझ्या लक्षात ते आलं नव्हतं. मी आपला आवाजाचाच विचार करत होतो.

पहिलं रेकॉर्डिंग माझ्यासमोर झालं. बाळंतपणाच्या तयारीचं. भुरी तोडीहून परत आली होती, मुलीला मांडीवर घेऊन कणगीला टेकून बसली होती. रेला माइकशी बोलत होती आणि सगळं छान चाललेलं असताना मध्येच ती पोरगी जोरात काहीतरी बोलली. भाषा तिची तिलाच माहीत. माझा हात सवयीनं बंद करायला पुढे गेला. रेला थांबली नाही. मीही हात मागे घेतला.

दोन दिवसांनी पुण्याहून मॅडमचा फोन. "रशीदभाई, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. पण मागे लहान मुलाचा आवाज येतोय. तेवढा काढता येईल का?"

"काढता येईल," मी म्हटलं, "पण राहू द्या. संदेश बाळंतपणाचाच आहे ना?"

पलीकडे मॅडम मग हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, राहू द्या." या हंगामात टोळ्या निघाल्या की तो तसाच जाणार आहे.